मामंजींचं क्रियापद

कुणी तोंडावर कौतुक केलं की मला अजूनही मानेवर घाम फुटतो. नातसुना म्हणतात, आजी, एवढं काय त्यात, गोड मानून घ्यावं. त्यांना काय सांगू, कप्पाळ! साडेचार वर्षं मी कौतुकाच्या खुंटीला टांगलेली होते, आणि ती खुंटी ज्यांनी ठोकली त्यांच्याइतका भला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

लग्न होऊन मी कोपरगावला आले तेव्हा लढाई चालू होती. रॉकेलला रांगा लागत. चहूकडे ऊस आणि पलीकडे कारखान्यांची धुराडी, पण आमच्या घरात साखर रेशनची, चमच्याने मोजून. माझे सासरे, मामंजी म्हणत असू आम्ही, हायस्कुलाचे हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. त्यामुळे तो पिकण्याची सगळं घर वाट बघत होतं. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, कारखान्यात कारकुनी होती. सकाळी सायकलवरून जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि आल्यावर त्यांना इंग्रजी नको असे नि मराठीही नको, पान वाढलेलं हवं असे. उरले मी, नगरला मॅट्रिक झालेली. मामंजींचे डोळे म्हणजे मी.

वाचायला माझी ना नव्हती. वाचायला मला आवडायचंच. जीव नकोसा व्हायचा तो पाहुणे आले की. बाहेरच्या खोलीतून हाक यायची, “सूनबाई, जरा इकडे ये.” हाताला पीठ असलं तर ते पुसायचं, पदर सावरायचा आणि चौकटीत उभं राहायचं, अर्धी आत, अर्धी बाहेर. मामंजी एक इंग्रजी शब्द टाकायचे. मी त्याचा अर्थ सांगायचा, मग वाक्यात उपयोग करून दाखवायचा. पाहुणे वा वा म्हणायचे. मग मामंजींचं सुरू व्हायचं. आमच्या सूनबाईंसारखी मुलगी जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, तिच्यावाचून ह्या घरातलं पान हलत नाही, वगैरे. मी खाली फरशीकडे बघत उभी. नंदीबैलाला निदान मान हलवायची तरी मुभा असते.

आणि ते पान न हलण्याचं वाक्य मला फार महागात पडलं. दिवाळीला माहेरी जाऊ का, असं विचारलं की मामंजी म्हणायचे, अगं जा की, चांगली महिनाभर राहा, तुझ्यावाचून आम्ही इथे आंधळेच, पण तू जा. आता ह्यावर कोण जाणार! सासूबाई तर सरळ म्हणायच्या, एवढं डोक्यावर घेतलंय तुला, आणखी काय पाहिजे? लोक सुनांना छळतात, तुझं काय दुखतंय? खरंच होतं ते. काय दुखतंय ते मलाही सांगता येत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तर हा तोंडात पेढा कोंबून होता. रात्रंदिवस मला वाटायचं, इथून निघावं, कुठेतरी चार मुलींसमोर शिकवायला उभं राहावं, आणि जिचं तिला येऊ लागलं की तिथून हात झटकून चालू लागावं.

एक्स्टॉल हा शब्द अशाच एका दुपारी आला. दोन जुने शिक्षक चहाला आले होते. मामंजींनी विचारलं, एक्स्टॉल म्हणजे काय? मी म्हटलं, स्तुती करणे, वाखाणणे. ते म्हणाले, अर्धे मार्क. मग खुर्चीत पुढे सरकून वर्गात शिकवावं तसं सांगायला लागले. स्तुतीला इंग्रजीत साधा शब्द आहे प्रेज, तो कशालाही चालतो. बैलाला चालतो, पावसाला चालतो, भाजीला चालतो. भाजी चांगली झाली म्हणून भाजीला कुणी एक्स्टॉल करत नाही. ते गुणांना करायचं, मोठ्या गुणांना, चार लोकांच्या देखत, आवाज चढवून. मूळ लॅटिन धातूचा अर्थ आहे उचलून वर धरणे. मग मराठीत काय म्हणाल, असं त्यांनी पाहुण्यांना विचारलं. एक म्हणाले, गोडवे गाणे. मामंजी म्हणाले, छे, त्यात लबाडीचा वास येतो. दुसरे म्हणाले, पोवाडा गाणे. त्यावर, लढाई झाल्यावाचून पोवाडा नाही. तेवढ्यात आतून सासूबाई बोलल्या, “हरभऱ्याच्या झाडावर चढवणे म्हणा की.”

सगळे हसले. मीही पदराआड हसले. मामंजी हसले नाहीत. म्हणाले, हरभऱ्याच्या झाडावर आपण बावळटाला चढवतो, आणि चढवताना आपलं मन हसत असतं. इथे बोलणाऱ्याचा स्वतःचा पुरा विश्वास लागतो, नाहीतर माणसानं हा शब्द तोंडातून काढू नये. मग म्हणाले, तीस वर्षांत मी कितीतरी मुलांना दाखले दिले, पण हा शब्द एकालाही दिला नाही.

माझ्या मनात आलं, म्हणजे आमचं रोज चौकटीत उभं राहून होतं ते भाजीतच जमा. रागच आला. आणि गंमत बघा, एरवी ज्या कौतुकानं जीव गुदमरायचा, त्यातलं सगळ्यात मोठं आपल्याला मिळालेलं नाही म्हणूनही वाईट वाटलं. माणसाचं मन मेलं असंच असतं.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. मामंजींची पत्रं मी लिहीत असे. ते तोंडी सांगायचे, मी टाकानं लिहायचे. नातेवाइकांना, जुन्या विद्यार्थ्यांना, आठवड्याला तीन-चार तरी. प्रत्येक पत्रात शेवटी माझं कौतुक ठरलेलं. आमच्या सूनबाई म्हणजे सोनं, हे पत्र तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात आहे. आता सांगा, स्वतःच्या हातानं स्वतःला सोनं कसं लिहायचं? आमच्याकडे लहानपणापासून बजावलेलं, आपली स्तुती आपण करणारा मूर्खांतला पहिला. चुलत सासूबाईंनी ते पत्र कुणाकडून वाचून घेतलं तर म्हणतील, काय बाई निलाजरी, स्वतःच लिहिते, स्वतःच मिरवते. म्हणून मी तेवढी ओळ गाळायचे. पुन्हा वाचून दाखव म्हणाले की गाळलेली ओळसुद्धा पाठ म्हणून दाखवायचे, कागदात बघत. दोनचार वेळा भीती वाटली, मग सवय झाली. चार वर्षांत एक ओळ कधी पोचली नाही, आणि त्यांना पत्ता लागला नाही. मला त्यात पाप वाटत नव्हतं. उलट मी मर्यादेनं वागते असंच वाटायचं.

मग एकदा पलीकडच्या गावचा एक शेतकरी आला, पाटाच्या पाण्याचा इंग्रजी कागद घेऊन. पाणी सुटायच्या दर पाळीला यायचा तो. मी कागद वाचला, त्याला मराठीत समजावून दिला, कुठे अंगठा करायचा ते दाखवलं. मामंजींनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, बघितलंस, कशी आहे आमची सूनबाई. तो माणूस उंबऱ्याशी बसलेला. त्यानं पागोटं नीट केलं आणि म्हणाला, “मास्तर, यवढी हुशार हाय म्हन्ता, मग हितं भाकऱ्या का थापती? आमच्या गावात पोरींच्या शाळंला मास्तरीन न्हाई, दोन वरसं झाली.”

त्याला काही टोचून बोलायचं नव्हतं. जसं दिसलं तसं बोलला, कागद घेतला, रामराम केला आणि गेला. मामंजींनी मात्र त्या दिवशी मला पुन्हा काही वाचायला सांगितलं नाही. माझ्या हातून दोनदा मीठ पडलं आमटीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म मागव. मला खरंच वाटेना. सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, आणि तुमचे कागद कोण वाचणार? मामंजी म्हणाले, मोतीबिंदू पिकत आलाय, काढून टाकू, मग माझं मी वाचीन. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, वडील म्हणतात तसं. मी मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

फॉर्म आला, तो मी माझ्या अक्षरात भरला. सोबत एक पत्र हवं होतं. शाळा सोडून चार वर्षं झालेल्या बाईनं अशा हेडमास्तराचं पत्र जोडायचं की ज्यानं तिचं शिक्षण जवळून पाहिलंय. जागा थोड्या होत्या. त्या पत्रावर सगळं होतं. आणि माझ्याजवळ असा हेडमास्तर एकच, तोही सासरा.

जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. मी फुलस्केप घेतला, दौत घेतली. मामंजींनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. पहाटे उठते. घर आरशासारखं ठेवते. सासूसासऱ्यांची सेवा मनोभावे करते. उलट उत्तर ठाऊक नाही. पाहुण्यारावळ्यांचं आनंदानं करते. मी लिहीत होते आणि आतल्या आत जळत होते. अहो, त्यांना मास्तरीण हवी आहे, स्वयंपाकीण नव्हे, असं ओठांपर्यंत आलं. पण उलट उत्तर ठाऊक नाही हे नुकतंच माझ्याच हातानं लिहिलेलं. पान भरत आलं, तरी अभ्यासाबद्दल अवाक्षर नाही.

ह्या ओळी मात्र मी सगळ्या लिहिल्या, एकही गाळली नाही. ती सुनेची स्तुती होती, आणि सुनेची स्तुती म्हणजे घराची अब्रू. ती पुण्याला पोचायलाच हवी होती.

मग मामंजी थांबले. पाणी प्यायले. म्हणाले, आता शेवटचं वाक्य नीट लिही. आणि त्यांनी इंग्रजीत सावकाश सांगितलं, एकेक शब्द ठेवत. त्याचा अर्थ असा, की हिचं इंग्रजी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं आहे, हे मी तीस वर्षं तो विषय शिकवून सांगतो. आणि जे क्रियापद मी आजवर एकाही विद्यार्थ्यासाठी वापरलं नाही, ते आज वापरतो, मी हिच्या बुद्धीला एक्स्टॉल करतो.

माझा टाक हवेत राहिला. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्यातून मला फॉर्म दिसला, शेजारी ठेवलेला. माझं अक्षर. आणि पत्रातही माझंच अक्षर, वळण न् वळण तेच. कॉलेजच्या मुख्य बाई दोन्ही कागद शेजारी ठेवतील. हिनंच लिहिलं म्हणतील. आंधळ्या सासऱ्याला सही करायला लावून ही बाई स्वतःच सांगते की मी सासऱ्याहून शहाणी. आमच्याकडे ‘सासऱ्याहून शहाणी’ ही शिवी होती, कौतुक नव्हे. आणि त्यांनी स्वतःला माझ्याहून खाली बसवणं, तेही मी लिहायचं? जिनं सोनं हा शब्द चार वर्षं लिहिला नाही तिनं? मी स्वतःला सांगितलं, अशानं सगळंच फसेल, मार्क फॉर्मवर आहेत, हेडमास्तरांची सही आहे, तेवढं बस्स आहे. फार हुशारी केली असं वाटलं मला तेव्हा.

टाक कागदावर घासल्याचा आवाज मामंजींना ऐकू यायला हवा होता. म्हणून मी टीपकागद पुढे ओढला आणि त्यावर दोन ओळींभर रेघोट्या मारल्या. मग पत्र वाचून दाखवलं, शेवटचं वाक्य धरून. ते आठवायला मला काडीचे कष्ट पडले नाहीत. आजही पडत नाहीत. त्यांनी मान हलवली. सहीसाठी मी त्यांचा हात धरला आणि जरा वर नेला, दोन ओळींची रिकामी जागा दिसू नये म्हणून.

सही करून ते म्हणाले, “आता तुला कुणी अडवत नाही.”

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. पोस्टमनच्या हातातून पाकीट मी घेतलं आणि अंगणातच फोडलं. बाईंनी फार सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं. आपल्या पत्रावरून आपल्या सूनबाई घराचा किती मोठा आधार आहेत ते कळलं. परंतु आपल्यासारख्या अनुभवी शिक्षकानं पानभर पत्रात त्यांच्या अभ्यासाबद्दल एकही शब्द लिहू नये, ह्यावरून आम्ही काय समजायचं ते समजलो. क्षमस्व.

मी ते दोनदा वाचलं. तुळशीच्या कट्ट्याला हात टेकून उभी राहिले. एकच शब्द. तो त्यांनी दिला होता, तीस वर्षं जपून ठेवलेला, आणि मी तो टीपकागदावर खरडला होता. दार उघडून दिलं होतं म्हाताऱ्यानं. कडी मी घातली, ह्या हातानं.

“आलं का ग पुण्याचं?” आतून हाक आली. पायरव ओळखायचे ते. “वाच.”

मी आत गेले, वाचलं. अभ्यासाबद्दल एकही शब्द नाही, हे वाक्य आलं. ते वाचलं असतं तर मामंजी म्हणाले असते, असं कसं, मी तर लिहिलं होतं. मग विचारलं असतं, तू ते लिहिलं होतंस ना? मी ते वाक्य गाळलं. हात बसलेला होता त्यात माझा. फक्त आधार आणि क्षमस्व एवढंच वाचलं.

मामंजींनी ते पाकीट मागून घेतलं आणि बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, “शेवटचं वाक्य वाचलं असेल ना त्यांनी?”

मी म्हटलं, “वाचलं असेल.”

सांगायला हवं होतं. मला कळत होतं तेव्हाही. पण एक ओळ गाळली म्हटलं की पुढचा प्रश्न होता, आणखी कुठल्या गाळल्यास? चार वर्षांची पत्रं होती मागे. जो माणूस माझ्या डोळ्यांनी बघतो त्याला सांगायचं, की मी तुम्हाला हवं ते दाखवलं आणि नको ते झाकलं? आंधळ्याच्या काठीनंच कबूल केलं की मी वाकडी नेत होते, तर त्यानं पुढचं पाऊल कुठे टाकावं? मी गप्प बसले. आणि एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड होतं. तिसऱ्या दिवशी तर नावच नको.

त्या वर्षी मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, आता काढू या. मामंजी म्हणाले, राहू द्या. सासूबाईंनी विनवलं, ह्यांनी विनवलं. त्यांचं एकच, काय वाचायचंय आता? शब्दकोश त्यांनी गुंडाळून फळीवर ठेवायला सांगितला. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, पण मला हाक येत नसे. चार वर्षं मी देवाला हेच तर मागितलं होतं, की ही हाक बंद कर. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करता आला असता म्हणाल, तर तेव्हा मला पाचवा महिना होता, आणि पत्र कोण देणार होतं?

उन्हाळी पाळीचा कागद घेऊन तो शेतकरी परत आला. पुण्याचा फॉर्म भरल्याचं त्याला मधल्या एका पाळीला कळलं होतं. मी आत चुलीपाशी होते, भाकरी थापत. त्यानं विचारलेलं मला ऐकू आलं, “सूनबाई गेल्या न्हाईत व्हय शिकाया?”

मामंजींनी आवाज चढवला. कितीतरी महिन्यांनी चढवला. म्हणाले, “तिच्यात काही कमी नाही. तिच्यासारखी बुद्धी मी तीस वर्षांत पाहिली नाही, हे तू तुझ्या गावात सांग. माझं इंग्रजी जुनं झालं, म्हणून तिचं राहिलं.”

तो म्हणाला, असं व्हय, आणि जरा वेळ बसला. मग कागद वाचून घ्यायला आत बघू लागला. माझ्या हातातली भाकरी फाटली होती. ती मी पुन्हा मळून थापली, तव्यावर टाकली, हात धुतले आणि कागद वाचायला बाहेर गेले.